दहा महिन्यांचा नियम

"मी स्वतःला असाधारण कसं म्हणू गं?" अक्कानं विचारलं.

"तोंडानं," मी म्हणलं. "म्हणून बघ. अ-सा-धा-रण."

"राजू, चेष्टा नको. उद्या सरांना द्यायचंय हे."

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. मांडीवर लॅपटॉप, शेजारी परातीत मळलेलं पीठ, वर ओलं फडकं. मी मागच्या पायरीवर भडंग खात होते. बाहेर बसून, कारण भडंगात लसूण असतो आणि आमच्या जैन घरात कांदा, लसूण, बटाटा आत येत नाही. मी येते, पण हात-तोंड धुऊन. जयसिंगपुरात राहून भडंग खायचं नाही म्हणजे नदीत राहून कोरडं राहायचं. मला ते कधी जमलं नाही.

"सरांचं पत्र ना? मग सर काय करतात? हात मोडलाय काय त्यांचा?"

"सगळे गाईड असंच करतात. म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो."

"मग पदवी पण तूच छापून घे म्हणावं."

अक्का हसली नाही. ती तेव्हा हसायचीच कमी. दोन कॉलेजात तासावर शिकवायची, एक कोल्हापूरला, एक इचलकरंजीला. म्हणजे तास झाला तर पैसे, सुट्टी पडली तर काही नाही. एसटीत उभ्यानं झोपायला शिकली होती. आणि हे सगळं सांभाळून पीएच.डी., तीसुद्धा हळदीच्या पेवांवर. सांगलीच्या बाजूला जमिनीखाली खोल खड्डे करून त्यात हळद साठवायचे, त्यांना पेव म्हणतात. अक्का लिहायची ते त्या पेवात उतरणाऱ्या हमालांबद्दल. पेव उघडलं की आत वाईट हवा साचलेली असायची. कितीतरी माणसं उतरली ती वर आलीच नाहीत.

"काय लिहिलंस ते वाच," मी म्हणलं.

"'उमेदवार कष्टाळू, प्रामाणिक आणि शिस्तप्रिय आहे.'"

"हे बैलाबद्दल पण लिहिता येईल."

"मग तू सांग, शहाणे. नववीत शाळा सोडलेल्या बाईनं सांगावं आता."

"लिही. 'मी पुष्कळ पोरं बघितली. वहीत उतरवून घेणारी. पण म्हातारे हमाल जिच्यासमोर बसून ढसाढसा रडले अशी ही एकच. त्यांनी जे स्वतःच्या बायकांना सांगितलं नाही ते हिला सांगितलं. कारण ही मधे बोलत नाही.'"

अक्का माझ्याकडं बघत राहिली. ते म्हाताऱ्याचं तिनंच एकदा भाकरी थापता थापता सांगितलं होतं. भाऊ पेवात गेलेला, आणि हा वर दोर धरून उभा.

"असं लिहितात काय पत्रात?"

"सही तुझी थोडीच आहे? सरांची आहे. होऊ दे सर जरा हुशार."

तिनं टाईप केलं. दुसऱ्या दिवशी विद्यापीठातून आली तेव्हा मात्र हसत आली. सरांनी चष्मा वर करून पत्र पूर्ण वाचलं म्हणे, मान हलवली आणि म्हणाले, "त्रिशला, छान लिहिलंय मी." आणि सही ठोकली.

हे सगळं कशासाठी, तर एका फेलोशिपसाठी. उत्तरेत डोंगरावर एक संस्था आहे. इतिहास, भाषा असल्या विषयांत पीएच.डी. करणाऱ्यांना ती दहा महिने नेऊन ठेवते. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, लायब्ररी, वर महिन्याला पैसे. बदल्यात काय? लिहायचं. बस्. मला पहिल्यांदा ऐकून वाटलं होतं, लुबाडायची टोळी असणार. फुकट कोण जेवायला घालतं? पण खरं होतं. अट एकच होती. तिथंच राहायचं. मधे घरी पळायचं नाही.

आणि ही अटच अक्कानं आईला सांगितली नव्हती.

आईला वाटत होतं ही स्कॉलरशिप आहे. पैसे येणार, अक्काचे इचलकरंजीचे तास सुटणार, पोरगी संध्याकाळी लवकर घरी. ती देवापुढं हात जोडून म्हणायची, "माझ्या लेकीला मिळू दे." ते ऐकलं की मी उठून बाहेर जायची.

आईचं सांगायला पाहिजे. अण्णा, म्हणजे आमचे वडील, गेले त्या वर्षी गावात एका महाराजांचा चातुर्मास होता. आईनं त्यांच्यापुढं नियम घेतला. सूर्य बुडाल्यावर अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. आणि खायचं ते जो स्वतः हा नियम पाळतो त्याच्याच हातचं. तेव्हा काही अडचण नव्हती, आई स्वतःच करून खायची. नंतर तिला संधिवात झाला. बोटं अशी वाकडी झाली की घास उचलता येईना. भाकरी कुस्करून, आमटीत कालवून दुसऱ्यानं भरवायची. माझे हात चालणार नव्हते. मी गाड्यावर अंडी खाते हे सगळ्या पेठेला माहीत. म्हणून अक्कानं नियम धरला आणि सकाळ-संध्याकाळ आईला भरवायला लागली. सूर्य बुडायच्या आत घरी यायचं म्हणून तिनं कॉलेजच्या मीटिंगा सोडल्या, गाईडची बोलणी खाल्ली. एकदा तर एसटी बंद पडली म्हणून ट्रकमधून आली.

"तुझ्या हातातलं गेलं, मग नियम कशाला ठेवलास?" असं मी एकदा आईला म्हणलं. तिनं दोन दिवस माझं तोंड बघितलं नाही.

मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा अक्का नळावर भांडी घासत होती. ओले हात वर धरून तिनं मला मोबाईल वाचायला लावला. इंग्रजी मला अडखळत येतं, पण 'शॉर्टलिस्टेड' कळलं.

"आईला सांग आता," मी म्हणलं.

"मुलाखत होऊ दे."

"मुलाखत झाल्यावर म्हणशील निकाल लागू दे. निकाल लागल्यावर म्हणशील गाडी सुटू दे. मग काय, डोंगरावरून फोन करणार आहेस काय, 'आई, आज जेवू नको' म्हणून?"

"हळू बोल."

"मामीला आण. ती पण पाळते नियम."

"मामी महिनाभर येईल. पुढं?"

"आईला म्हण, राजूच्या हातचं खा."

अक्कानं तवा इतक्या जोरात घासला की माझ्या अंगावर राख उडाली. "तू धरशील नियम? तुझ्या जिभेला हाड नाही, पोटाला कुलूप नाही. उगाच काय बोलतेस."

खरंच होतं ते. आणि मी कुठं थांबणार होते? संक्रांत झाली की मी पुण्याला जाणार होते. माझी मैत्रीण सायली तिकडं एका मॉलमध्ये कामाला होती. तिच्या खोलीत एक कॉट रिकामी झाली होती. माझी बॅग माझ्या कॉटखाली भरून तयार होती. हे मी अक्काला सांगितलं नव्हतं. आमच्या घरात सगळ्या बायका एकमेकींपासून काहीतरी लपवूनच जेवायला बसायच्या.

मुलाखत कॉम्प्युटरवरच होती, घरातून. वेळ दिली होती दुपारी तीनची. अक्कानं सगळं जुळवून ठेवलं. भाकऱ्या केल्या, मुगाची आमटी केली, पाणी गाळून झाकून ठेवलं. आईला म्हणाली, "चारला संपेल. साडेचार-पाचला निवांत भरवते तुला." मग केस बांधले, धुतलेली साडी नेसली आणि आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसली. मागं कपाटाचं दार उघडंच राहायचं, त्याला मी दोरी बांधली.

तीनला पडद्यावर एक पोरगा आला आणि म्हणाला, थोडा उशीर होतोय, कनेक्ट राहा, कधीही बोलावू.

साडेतीनला तेच. चारला तेच.

"उठून ये की, पाच मिनिटं," मी दारातून म्हणलं.

"कधीही बोलावतील म्हणाला ना. मी नसले तर नाव खोडतील."

पाय आखडून गेले तरी ती हलली नाही. तहान लागली तर मी नेऊन दिलेल्या पाण्याकडं बघून "नको, मधेच बाथरूमला जावं लागेल" म्हणाली. डोळ्यांखाली तिनं पावडर लावली होती. ती घामानं उतरली आणि खालचं काळं परत दिसायला लागलं.

इकडं आई परसात बाजेवर बसली होती. तिनं शुगरची गोळी चारलाच घेतली. नेहमीची वेळ ती. गोळी घेतल्यावर पोटात काही गेलं नाही तर तिला दरदरून घाम सुटतो. आदल्या हिवाळ्यात अक्काला यायला उशीर झाला होता तेव्हा आई रात्रभर थरथरत होती. आम्ही साखरेचं पाणी तोंडाशी धरलं, तिनं दात घट्ट मिटून घेतले. सूर्य बुडाला होता ना. शेवटी दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर आमच्यावर ओरडले, तिच्यावर नाही.

जानेवारीत ऊन लवकर सरकतं. मी एकदा आत बघायची, एकदा शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीकडं. सूर्य टाकीच्या वर होता तो टाकीच्या कडेला आला.

"आली का गं ती?" आई विचारायची.

"येईल."

"भूक लागली."

आई कधी 'भूक लागली' म्हणत नाही. मला तिचा राग आला, अक्काचा आला, त्या डोंगरावरच्या लोकांचा तर फारच आला. वेळ पाळता येत नाही आणि फेलोशिप वाटायला निघालेत.

तेवढ्यात आत आवाज सुरू झाले. मी आईची बाज ओढून मागच्या दाराला लावली. आतली खोली दारापासून चार पावलांवर, सगळं ऐकू येत होतं. पुरुषांचे आवाज, इंग्रजी. अक्का पण इंग्रजीत बोलत होती, पण घाबरल्यासारखी, शब्द मोजून टाकल्यासारखी. मग एक बाई बोलली. आणि ती चक्क मराठीत बोलली.

"त्रिशला, तुम्ही मराठीत बोला. बाकीच्यांना मी सांगते. तुमच्या सरांनी पत्रात लिहिलंय, म्हातारे हमाल तुमच्यापाशी रडले. ते सांगा ना."

मी आईला चिमटाच काढला. "ते मी लिहिलंय," मी कुजबुजले.

आणि अक्का सुटली. मराठीत. पेव उघडताना आधी कंदील खाली सोडायचे, विझला तर माणूस उतरवायचा नाही, पण मुकादमाला घाई असली तर विझलेला कंदीलही पेटलेला दिसायचा. दोर धरून उभा राहणाऱ्याला नंतर आयुष्यभर हाताला खाज सुटायची. अमकं गाव, तमकं नाव. मी माझ्या बहिणीला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. घरात ती बोलायची म्हणजे 'दूध उतू जातंय', 'गॅस संपत आला'.

आई तोंड उघडं टाकून ऐकत होती. "किती छान बोलती गं," ती म्हणाली. "हे कुणापुढं बोलती?"

"साहेब लोकांपुढं."

मग ती बाई म्हणाली, "काम फार चांगलं आहे. आता एकच विचारते, वाईट वाटून घेऊ नका. इथं सलग दहा महिने राहावं लागतं. गेल्या वर्षी दोघी जणी घरच्या अडचणींमुळं मधूनच परत गेल्या. त्या जागा वाया गेल्या. तुम्हाला घर सोडून राहता येईल?"

तेवढ्यात वाऱ्यानं आतल्या खोलीचं दार लोटलं गेलं, आणि पुढचं काही कळेना.

"कुठं राहावं लागतं?" आईनं मला विचारलं.

मी बाजेची सुटलेली दोरी आत खोचायला लागले.

"राजुल. कुठं?"

"तिकडं. उत्तरेत, डोंगरावर."

"दहा महिने?"

"हां."

आईनं दाराकडं बघितलं. मग टाकीकडं. टाकीखाली गेला होता सूर्य, आता फक्त शेवग्याच्या फांद्यांत लाल दिसत होता.

"तिनं मला सांगितलं नाही."

"तू जाऊ दिलं असतंस?"

"मी नको म्हणले असते तर ती गेली नसती," आई म्हणाली. "आणि मी जा म्हणले असते, तरी गेली नसती."

माझं डोकंच फिरलं. "मग सोड ना तो नियम! तिच्याकडं बघितलंयस काय कधी नीट? बत्तीस वर्षांची आहे, पन्नाशीची दिसते. देवाला काय पडलंय तू कुणाच्या हातचं खातेस त्याचं?"

मला वाटलं आई आता तोंड फिरवेल. तिनं फिरवलं नाही.

"तुला वाटतं मी देवासाठी घेतला?" ती म्हणाली. "अण्णा गेल्यावर दिवस संपायचाच नाही बघ. रात्री दहाला माणसं यायची. चहा ठेव, ताट वाढ, परत पहिल्यापासून सांग कसे गेले, परत रड. मला पाठ टेकायला मिळायची नाही. महाराज म्हणाले, बाई, सूर्याबरोबर थांबत जा. इतक्या वर्षांत मला थांब म्हणणारं ते पहिलं माणूस. मी थांबले."

तिनं वाकडी बोटं पदरात घेतली. "नियम म्हणजे दमलेल्या माणसाची भिंत असती गं. पाडली तर मी परत रस्त्यावर."

आतून अजून काही ऐकू येत नव्हतं. का येत होतं? मला आता नीट आठवत नाही. मला फक्त शेवग्यातलं लाल दिसत होतं.

"मी धरते," मी म्हणलं.

"काय?"

"नियम. मी धरते. आत्ता. तू दे."

"नियम असा रागात घेत नाहीत."

"मग मी कधीच घेऊ शकणार नाही. राग सोडून मला दुसरं येतंय काय?"

आई हसली. खरंच हसली. मग माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू भाजीवाल्याकडून वांगं घ्यायचंय, किडकं आहे का बघून.

"जन्माचा घेऊ नको," ती म्हणाली. "तुझ्यानं व्हायचं नाही, आणि मोडलास तर पाप मला. काळापुरता घेता येतो. किती काळ?"

"दहा महिने."

"अंडं नाही. लसूण नाही, कांदा नाही. सूर्य बुडाला की पाण्याचा थेंब नाही. आणि कुठंही गेलीस तरी सूर्य बुडायच्या आधी घरी."

शेवटचं ऐकून मला कॉटखालची बॅग आठवली. सायली, ती रिकामी कॉट, मॉलचे सरकते जिने. मी अजून एकदाही सरकत्या जिन्यावर पाय ठेवला नव्हता.

"धरते," मी म्हणलं.

"नऊ वेळा णमोकार म्हण. आणि अंघोळ कर. पळ."

मी णमोकार म्हणतच न्हाणीत गेले. बंबात पाणी नव्हतं. हौदातलं गार पाणी डोक्यावरून ओतलं, श्वासच थांबला, एक णमोकार अर्धा राहिला तो परत पहिल्यापासून म्हणला. दोरीवरचा अक्काचा धुतलेला ड्रेस घातला, केस तसेच गळत. भाकरी कुस्करताना माझे हात थंडीनं एवढे कापत होते की आईचे बरे.

पहिला घास मी फार मोठा केला. आई म्हणाली, "माझं तोंड आहे, पेव नाही." दुसरा लहान केला. तिसऱ्याला आमटी तिच्या हनुवटीवर सांडली, मी बाहीनं पुसली. आई जेवत होती. माझ्या हातचं. डोळे मिटून, घाईघाईनं, लहान पोरासारखी. शेवटचं गाळलेलं पाणी तिनं घेतलं तेव्हा शेवग्यात लालसर काहीतरी उरलं होतं. पुरेसं होतं.

वर बघितलं तर अक्का दारात उभी. कधीपासून उभी होती काय माहीत. एक हात चौकटीला, साडीचा पदर कमरेला खोचलेला, म्हणजे धावत यायच्या तयारीत. पण ती धावली नव्हती. ती नुसती उभी होती.

"अगं, हिच्या हातचं..." ती म्हणाली.

"नियम घेतलाय मी," मी म्हणलं. "दहा महिन्यांचा. आईला सगळं कळलंय. तू जा आता डोंगरावर. आमचं आम्ही बघतो."

अक्कानं आईकडं बघितलं. आई म्हणाली, "मला आधी सांगायला पाहिजे होतंस." एवढंच. रागानं पण नाही. अक्का चौकटीवरून घसरत खाली बसली, आणि रडेल असं वाटलं तर रडलीसुद्धा नाही. डोकं भिंतीला टेकवून बसून राहिली. आम्ही कुणी काही मागितलं नाही तिला.

"मुलाखत कशी झाली?" मी विचारलं.

"झाली," ती म्हणाली.

त्यानंतर निकाल येईपर्यंत मी रोज आईला भरवलं. पहिल्या आठवड्यात दोनदा भांडण झालं. एकदा मीठ जास्त पडलं म्हणून, एकदा मी मोबाईल बघत भरवलं म्हणून. सायलीला फोन करून सांगितलं, दहा महिने थांब. ती म्हणाली, कॉट काय तुझ्या बापाची आहे काय. बरोबर होतं तिचं. कॉट दुसरीला गेली. मी बॅग रिकामी केली आणि कपडे परत कपाटात लावले. अंड्याच्या गाड्यावरून जाताना मी श्वास रोखून जायची, वासानंच नियम मोडेल म्हणून.

अक्का संध्याकाळी घरी यायची ती सरळ आतल्या खोलीत जाऊन आडवी व्हायची. मी म्हणायची, "जायच्या आधी झोपून घे, तिकडं लिहायचंय."

निकाल आला त्या दिवशी मी गव्हातले खडे निवडत होते. अक्कानं मोबाईल बघितला आणि खाली ठेवला.

"काय झालं?"

"नाही घेतलं."

मी सूपच आपटलं. गहू सगळीकडं. "कसं नाही घेतलं? ती बाई म्हणाली होती, काम फार चांगलं आहे! तोंडावर एक आणि मागं एक? नंबर दे तिचा. दे. मी बोलते."

"राजू."

"इतका वेळ बसवून ठेवलं तुला! तुझ्या जागी मी असते तर..."

"राजू, त्यांचं काही चुकलं नाही. मीच नाही म्हणाले."

मला कळेना.

"त्या बाईनं विचारलं ना, घर सोडून राहता येईल का. मी खिडकीतून ऊन बघितलं आणि म्हणाले, नाही येता येणार. ते बराच वेळ आपसात बोलले, मग बाईनं पुन्हा विचारलं, विचार करून सांगा. मी म्हणाले, विचार केलाय. आणि बंद करून बाहेर आले. तर तू आईला भरवत होतीस."

आई बाजेवरून सगळं ऐकत होती.

"म्हणजे त्याच वेळी..." मी म्हणलं.

"मी आत नाही म्हणत होते, तेव्हा तू न्हाणीत होतीस. तांब्याचा आवाज येत होता. मला वाटलं कुणी भांडी घासतंय."

मी ओरडले. "मग त्याच दिवशी सांगायचं! फोन करायचा त्यांना, आता जमतंय म्हणायचं! माझी कॉट गेली पुण्याची! मी एवढे दिवस येड्यासारखी..."

"कुठली कॉट?" आईनं विचारलं.

"काही नाही!"

अक्का गहू गोळा करायला लागली. एकेक दाणा. खाली बघूनच बोलली. "फोन करणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हातात मोबाईल घेतला होता. मग वाटलं, संध्याकाळी करू. संध्याकाळी झोप लागली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पण. अगं, मी त्या दारात उभी होते ना, आई जेवत होती, तू भरवत होतीस, आणि माझ्याकडून कुणाला काही नको होतं. असं मला शेवटचं कधी झालं होतं आठवेना. मला वाटलं, सांगितलं तर हे संपेल. तू म्हणशील, मग तूच भरव. म्हणून नाही सांगितलं. रोज म्हणायचे, आजचा दिवस झोपते, उद्या सांगते."

"म्हणजे मला फसवून झोपलीस तू!"

"हो," अक्का म्हणाली. "झोपले."

मी कपाटाकडं गेले, कपडे ओढून काढले, बॅगेत कोंबले. कॉट गेली तर गेली, जमिनीवर झोपेन. सायलीला दोन शिव्या घालीन, ती मला चार घालील. माझा नियम कशासाठी होता? अक्कानं जावं म्हणून. अक्का जात नाही. संपलं.

"तुझा नियम संपला आई," मी बाहेर येऊन म्हणलं. "म्हणजे माझा. हिच्या जाण्यासाठी घेतला होता. ही जात नाही."

आई म्हणाली, "हिच्या जाण्यासाठी घेतला असं तू म्हणली नव्हतीस. दहा महिने म्हणली होतीस."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काही नाही. मी धरून ठेवत नाही तुला. जायचं तर जा. मला तिच्या हातचं चालतं."

बाहेर ऊन तिरकं झालं होतं. स्वयंपाकघरात आमटी झाकून ठेवलेली, मीच केलेली, दुपारी. अक्कानं गव्हाचं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकला आणि उठायला लागली. सवयीनं. पदर खोचला, न्हाणीकडं वळली. उठताना तिच्या तोंडातून 'आई गं' असं निघालं. ओरडून नाही. दमलेलं माणूस जागेवरून हलताना म्हणतं तसं. तिला स्वतःला ऐकूसुद्धा गेलं नसेल.

"बस खाली," मी म्हणलं.

"अगं, वेळ होत आली."

"बस म्हणते ना! मी मेले नाही अजून."

बॅग तिथंच दारात टाकून मी न्हाणीत गेले. इतकी रागात होते की णमोकार पण ओरडून म्हणला. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावून गेल्या, कुणाचं काय झालं म्हणून.

त्याला आता तीन वर्षं झाली. त्या दहा महिन्यांत अक्कानं प्रबंध लिहून काढला असं मला सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण पहिले दोन महिने ती कॉलेजातून आली की नुसती झोपायची. मी आईला भरवून, भांडी विसळून आत बघायला जायची, तर लॅपटॉप उघडा, पडद्यावर एक ओळ, आणि अक्का शेजारी तोंड उघडं टाकून पडलेली. एकदा आईनं विचारलं, "लिहिती का गं ती?"

"लिहिती," मी म्हणलं. "हळू बोल."